न विचारलेलं अनुमोदन

आमच्या युनियनचे ठराव सभा भरायच्या आधीच एकमताने मंजूर झालेले असत. यात काही लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. नाशिकच्या सातपूरला कारखान्याच्या फाटकासमोर गेट मीटिंग व्हायची ती संध्याकाळी, जनरल शिफ्ट सुटल्यावर, आणि दैनिकाच्या कचेरीतले बातम्या घेणारे गृहस्थ पाचनंतर आलेल्या प्रेसनोटला हात लावत नसत. मग सभेची बातमी दुपारीच लिहून पोचवायची, दुसरा इलाज नव्हता. ती मी लिहायची. माझं अक्षर बरं, म्हणून नववीत असल्यापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. लांब कागद, मध्ये दोन कार्बन आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. पाऊस येऊन सभा उधळली तरी दुसऱ्या दिवशी पेपरात टाळ्यांचा गजर झालेला असे. आई म्हणायची, "तुमच्या क्रांतीला ऐकणारी माणसं लागतच नाहीत वाटतं."

सूचक नेहमी बाबा, कारण ते अध्यक्ष. अनुमोदक नेहमी काका, कारण ते खजिनदार. ठराव जगभरचे असत. चिली झालं, व्हिएतनाम झालं, दक्षिण आफ्रिका तर दरवर्षी होतीच. ती दोन नावं मी इतक्यांदा लिहिली होती की हात आपोआप चालायचा.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाबांचे मित्र, सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. ते बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. कुलाबा जिल्ह्यात त्यांच्या घराण्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. सातपूरच्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण काकांची शनिवारची सुट्टी ठाऊक होती. "आज खजिनदार देवाच्या ड्युटीवर हाय," असं ते म्हणत आणि काका हसत. काकूंच्या हातचा मलिदा आमच्याकडे डबा भरून यायचा, गोड पोहे, खोबरं, वर फळांच्या फोडी. इतर वेळी त्यांच्या घरात आणि आमच्या घरात फरक म्हणाल तर भिंतीवर कुणाचे फोटो आहेत एवढाच होता.

आणीबाणीत बाबा नाशिकरोडच्या तुरुंगात होते तेव्हा आमच्याकडे फिरकायला लोक घाबरत. काका पाळी सुटली की सायकल मारत यायचे. रेशनच्या रांगेत उभे राहायचे, गिरणीतून दळण आणायचे. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेला केंद्रावर सोडायला आणि आणायला तेच होते. पेपर सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली बसून राहत. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तो माणूस कोण होता हे मला पुरतं माहीत होतं, एवढंच सांगायचं आहे.

इस्रायलवरून बाबा आणि काका दर रविवारी भांडायचे. बाबा म्हणत, "दुसऱ्याच्या घरात घुसून घर बांधता आणि वर त्यालाच पाहुणा म्हणता." काका म्हणत, "राज्यकर्त्यांना हव्या तेवढ्या शिव्या दे, दोन मी पण देतो. पण युरोपात माणसं भट्टीत घालत होते तेव्हा तुझ्या ठरावात आमच्यासाठी जागा होती का?" आवाज चढायचे, चहा गार व्हायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. काकांचा एकुलता एक मुलगा आयटीआय करून तिकडे निघून गेला. तेव्हा बाबांनी आधी तोंड फिरवलं आणि मग स्टँडवर त्याला लाडवांचा डबा घेऊन पोचवायला गेले. असं त्यांचं होतं.

बैरुतमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत माणसं मारली गेली त्या वर्षी बाबा ठरावाच्या आदल्या दिवशी काकांकडे गेले आणि अनुमोदन देणार का, असं त्यांनी विचारलं. मी सोबत होते. काका म्हणाले, "अनुमोदन नको. ते दुसऱ्या कुणाचं घे. मी खाली उभा राहतो." दुसऱ्या दिवशी ते स्टेजवर बसले नाहीत. सगळ्यांबरोबर फाटकासमोर उभे राहिले, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी वर केला. त्या प्रेसनोटमध्ये अनुमोदक म्हणून वेल्डिंगमधल्या एका कामगाराचं नाव मी लिहिलं होतं. म्हणजे कसं करायचं हे आम्हाला येत होतं. विसरले असं म्हणायची सोय मला नाही.

पंच्याऐंशी साली बाबा विधानसभेला उभे राहिले. विरोधकांची आघाडी होती, तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे लोक होते. ज्यांना बाबांनी वीस वर्षं स्टेजवरून झोडपलं ते आता आमच्या ओट्यावर बसून मतदारयाद्या चाळत होते. नेमक्या त्याच दिवसांत इस्रायलच्या फौजा दक्षिण लेबनॉनमधल्या गावांत घुसून घरं पाडत होत्या, माणसं उचलत होत्या. पक्षाच्या मुंबई कचेरीतून कागद आला की सगळ्या शाखांनी निषेधाचा ठराव करावा.

मित्रपक्षाचा प्रचारप्रमुख कापडाचा व्यापारी होता. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, आपल्या मतदाराला तो देश आवडतो हो. एवढासा आहे, पण कसा चोपतो. तुम्ही कशाला त्याच्या वाटेला जाता? आमची पोरं घरी बसतील." त्याच आठवड्यात जुन्या नाशकातल्या मुसलमान मोहल्ल्यातले एक बेकरीवाले बुजुर्ग भेटायला आले. दाढी कुरवाळत म्हणाले, "साहब, हर साल तो आप बोलते थे. इस साल गला बैठ गया क्या?"

दोन दिवस गेले. मग बाबांनी तोडगा काढला. ठराव सभेत मांडायचा नाही, फक्त प्रेसनोट द्यायची. म्हणजे सातपूरच्या स्टेजवर बसलेल्या मित्रपक्षाला तो ऐकू जाणार नाही आणि जुन्या नाशकात तो वाचायला मिळेल. मुंबईच्या कचेरीलाही कात्रण पाठवता येईल. एका दगडात तीन पक्षी. "लिही," म्हणाले, "नेहमीसारखं."

मी नेहमीसारखं लिहिलं. लेबनॉनमधल्या गावांची हकीगत लिहिली, आक्रमक राज्यकर्त्यांचा निषेध लिहिला, सूचक म्हणून बाबांचं नाव लिहिलं आणि अनुमोदक म्हणून काकांचं. एकमताने, टाळ्यांच्या गजरात. ज्या सभेत हा ठराव आलाच नाही त्या सभेतल्या टाळ्या. कच्चा खर्डा मी बाबांना दाखवला, त्यांनी तांबड्या पेन्सिलने तो तपासला, आणि मी तो उतरवून कचेरीत देऊन आले. परत येताना मी भाजी घेतली. माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. बाजारात निघाल्यासारखा पेपर बगलेत होता. खुर्चीवर बसले नाहीत.

"हे कधी झालं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी पेपर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काका, चूक माझी. हात चालला."

"तुझी चूक पोरी, ती चूक. ती दुरुस्त होते." ते बाबांकडे वळले. "ठराव वाचला मी. त्यातलं बरंचसं मला पटतं. पाडलेली घरं पाडलेलीच आहेत. पण माझा मुलगा या घटकेला त्या फौजेत आहे. त्याला बोलावलं, जावं लागलं. पाच आठवडे झाले, पत्र नाही. तो त्या गावात आहे की कुठं आहे, त्यानं काय केलं, त्याच्याकडून काय करवून घेतलं, मला काही माहीत नाही. हे मी त्याला विचारणार होतो, माझ्या शब्दांत, बाप म्हणून. त्याच्या आधी माझं नाव पेपरात गेलं. चार ओळींचा खुलासा दे. मला विचारलं नव्हतं, एवढंच. ठराव तुझा राहू दे."

बाबा म्हणाले, "देतो. मतदान होऊ दे. आठच दिवस."

"आठ दिवस?"

"आत्ता खुलासा दिला तर इस्रायलवरून युनियन फुटली असं छापतील. जुन्या नाशकातलं मत गेलं. आणि ठराव सभेत झालाच नाही हे बाहेर आलं तर मी संपलो. तू समजून घे."

काकांनी समजून घेतलं. आजही मला त्यांचा राग येतो तो याच गोष्टीचा. ओरडायला हवं होतं त्यांनी. "बरं, आठ दिवस," एवढंच म्हणाले आणि कामावर गेले.

तिसऱ्या दिवशी जुन्या नाशकात एक पत्रक निघालं. खुद्द ज्यू कामगार नेत्याचा निषेधाला पाठिंबा, म्हणून मोठ्या टायपात काकांचं नाव. कुणी काढलं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. बाबांनी ते पाहिलं, घडी केली आणि गादीखाली सरकवलं. मी घरातले जुने कागद धुंडाळून तो खर्डा शोधून काढला. अनुमोदकाच्या अगदी वरच्या ओळीत बाबांनी तांबड्या पेन्सिलने 'निषेध'च्या आधी 'तीव्र' घातलं होतं. त्या ओळीवर पेन्सिल टेकली असेल तर खालची ओळ दिसली नाही हे शक्यच नव्हतं.

मी कागद त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही पाहिलं होतं."

"पाहिलं होतं."

"मग?"

ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "बरं दिसत होतं."

ज्या माणसाच्या भाषणांवर मी वाढले त्याची मला किळस वाटेल याची मी कधी कल्पनाही केली नव्हती. मी खुलासा लिहिला, चार ओळी, आणि तडक दैनिकाच्या कचेरीत गेले. तिथले गृहस्थ भले होते. "लेटरहेड आणि युनियनचा शिक्का आण, लगेच घेतो," म्हणाले. शिक्का काकांच्या कपाटात असे. मी सातपूरला गेले, टूलरूमबाहेर त्यांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, "शिक्का मारा, बाबांची सही मी करते. मला हुबेहूब जमते."

हातांना तेल लागलेलं होतं, ते फडक्याने पुसत काका माझ्याकडे बघत राहिले. "एक खोटं झालंय ना तुझ्या हातून? त्याला दुसऱ्यानं ठिगळ लावू नकोस. आणि मी आठ दिवसांचा शब्द दिलाय."

"त्यांनी तुमचं नाव पाहिलं होतं काका. पाहून ठेवलं."

हे मी सांगायला नको होतं. त्यांनी फडकं खिशात घातलं आणि आत गेले.

मग काकूंकडे ठाण्याचे नातेवाईक येऊन गेले. त्यांच्याकडे पेपरातलं कात्रण होतं. तुमच्या नवऱ्यानं मुलाच्या विरोधात नाव दिलं, असं ते तोंडावर म्हणाले. काका शब्दाने बांधलेले, ते बायकोलाही इतकंच म्हणाले की नंतर सांगतो. त्या एकट्याच आमच्याकडे आल्या. नेहमी थेट स्वयंपाकघरात जाणारी बाई दारातच बसली.

"तू लिहिलंस ना गं?"

"हो काकू."

"माझा मुलगा तुला आठवला नाही लिहिताना? तुझ्या बरोबरीचा. तुझ्या सायकलला हवा भरायचा."

मी खोटं बोलू शकले असते. "नाही आठवला," म्हणाले. खरंच आठवला नव्हता. मला काकासुद्धा आठवले नव्हते. मी अनुमोदक लिहिला होता. इतकी वर्षं जगातल्या दूरदूरच्या माणसांचं दुःख मी सुवाच्य अक्षरात लिहीत होते आणि पाच आठवडे पत्राची वाट बघणारी ही बाई मला दिसली नव्हती. त्या रडल्या नाहीत. मी रडले, आणि त्यांनाच मला पाणी द्यावं लागलं.

मतदानाआधीच्या शेवटच्या सभेत कुणीतरी स्टेजवर चिठ्ठी पाठवली. इस्रायलबद्दल आपलं काय मत, एवढंच त्यात होतं. ती मी वाचली कारण ती माझ्याच हातातून बाबांकडे गेली. स्टेजवर एका बाजूला तो कापडवाला, दुसऱ्या बाजूला ते बेकरीवाले बुजुर्ग, आणि मागे खजिनदार म्हणून काका. बाबांनी चिठ्ठी खिशात घातली आणि पाण्याच्या पाइपलाइनवर बोलले. छान बोलले. टाळ्याही झाल्या. सभा संपल्यावर बुजुर्गांनी हात मिळवला नाही आणि कापडवाला म्हणाला, "साहेब, पेपरात एक आणि स्टेजवर एक, असं चालत नाही." पहिल्यांदाच मला त्याचं म्हणणं पटलं.

बाबा पडले. नुसते पडले नाहीत, तिसरे आले. जुन्या नाशकानं पाठ फिरवली, मित्रपक्षाची पोरं खरोखरच घरी बसली, आणि सातपुरातल्या कामगारांनी कुणाला मत दिलं ते त्यांनाच ठाऊक. तेलही गेलं, तूपही गेलं. आठ दिवस होऊन गेले. मी खुलाशाची आठवण केली तर बाबा पलंगावरून म्हणाले, "आता कोण वाचतंय? उगाच शिळ्या कढीला ऊत." त्यांची दाढी वाढली होती, जेवण जात नव्हतं. मला त्यांची कीव येत होती आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारी, काका आणि काकू दोघंही आले. मुलाचं पत्र आलं होतं. तो जिवंत होता, धडधाकट होता. ठाणेकरांनी कात्रण त्याच्यापर्यंत पोचवलं होतं. पत्र काकांनी मला वाचायला दिलं. मराठीत, आयटीआयमधल्या त्याच्या तिरक्या अक्षरात, जेमतेम अर्धं पान. मी इथं काय पाहिलं ते मला फक्त तुम्हाला सांगायचं होतं, असं त्याने लिहिलं होतं. त्याआधीच तुम्ही माझ्यावर ठराव केलात. हे खरं आहे का तेवढं कळवा. खरं असेल तर यापुढे मी लिहिणार नाही.

"मी काय लिहू?" काकांनी बाबांना विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. "'नाही' लिहिलं तर तो पेपर दाखवून विचारेल, मग छापलं कुणी? आणि ठरावातली घरं पाडली नाहीत असं तर मला लिहिता येत नाही. माझ्या एकट्याच्या शब्दावर तो आता विश्वास ठेवणार नाही. तू लिही. त्याला तुझं अक्षर नको, तुझी सही पुरे. बापाला विचारलं नव्हतं, एवढं अध्यक्ष म्हणून लिहून दे."

बाबांनी मान हलवली. मी कागद घेतला. तीन ओळी झाल्या: सदर ठरावाला आपल्या वडिलांचे अनुमोदन नव्हते. त्यांना विचारण्यात आले नव्हते. ही चूक आमची आहे. काकूंनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. वाचतानाच त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की त्या महिन्यात पहिल्यांदा मला श्वास घेता आला. त्या लगेच बाहेर जाऊन चपला घालू लागल्या, कारण साडेचारला टपाल निघायचं आणि त्यांना ते आजच टाकायचं होतं. पाकीट त्यांनी पत्ता लिहून, तिकिटं लावूनच आणलं होतं.

मी कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, कागद एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. पेन सहीच्या जागेपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. काकांकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे बाहेर कुठं जाणार नाही ना?"

काका पुढे वाकले. त्यांनी पेनाखालून कागद हळूच ओढून घेतला, त्याची घडी केली आणि ती माझ्या हातात दिली. "राहू दे," म्हणाले. मग खिशातून युनियनचा शिक्का काढून बाबांच्या उशाशी ठेवला.

मी काकांच्या आधी दारात पोचले. काकू ओट्याच्या पायरीवर उभ्या होत्या, पाकीट उघडं धरून. मला बघताच त्यांनी हात पुढे केला.

"झाली का गं सही?"

"नाही," मी म्हणाले.